रविवारची वाफ

लोकांना वाटतं, छोटं इंजिन म्हणजे चावी दिली की पळालं. चिंतामणरावांचं इंजिन तसलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. लांबीला दीड-दोन हात, पण खरं. खरा कोळसा खाणारं, खरं पाणी पिणारं, खरी वाफ सोडणारं, आणि जागचं हलायच्या आधी माणसाला चांगलं तास-दीड तास राबवून घेणारं. गेली दोन वर्षं ते ज्या माणसाला राबवून घेत होतं, ती रुक्मिणी होती.

शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी पायांवर रूळ टाकलेले होते. पाण्याच्या टाक्यांना वळसा घालून, कपड्यांच्या दोरीखालून जाऊन ते पुन्हा पत्र्याच्या शेडपाशी यायचे. शेडमध्ये इंजिन एका विटलेल्या सोलापुरी चादरीखाली झोपलेलं असायचं. चिंतामणरावांचं लहानपण कुर्डुवाडीत गेलं होतं. तिथल्या छोट्या गाडीची इंजिनं बघत ते वाढले, पुढे सोलापुरात तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायला लागले आणि रोज संध्याकाळी घरी येऊन लेथवर बसायचे. बारा-तेरा वर्षं बसले. एवढ्या वेळात दुसऱ्या एखाद्याने दोन बंगले बांधले असते, असं रुक्मिणी पाहुण्यांना हसत सांगायची. हसत सांगितलं की खरं बोलता येतं.

तिला त्या इंजिनाचा कधीच लळा नव्हता. कुरडया वाळत घातल्या की त्यांच्यावर काजळी यायची. रविवारी कोणाकडे जायचं म्हटलं की आज बॉयलर धुवायचा असायचा. लेकीच्या, निवेदिताच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात नवरीचा बाप गच्चीवर तेलकट हातांनी पंपाचा वायसर शोधत होता. रुक्मिणी तेव्हा शाळेत शिकवायची, पोरांवर ओरडून घसा बसलेला असायचा, म्हणून ती नवऱ्यावर ओरडली नाही एवढंच.

मग दोन वर्षांपूर्वी चिंतामणरावांना झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर राहायचा, आणि शब्द असे यायचे की नळाला पाणी सुटायच्या आधी पाइपात नुसती हवा वाजते, तसे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की डोळे मिटायचे. डॉक्टर म्हणाले, "यांना ज्यात रस आहे त्यात गुंतवा. मन रमलं पाहिजे." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. त्यांच्या दृष्टीने ती एक बोलायची गोष्ट होती. रुक्मिणीने मात्र ते औषधासारखं घेतलं. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, इंजिन रविवारी.

पहिल्या रविवारी तिने आणि धुणंभांडी करणाऱ्या बजाबाईने मिळून त्यांना कसंबसं गच्चीवर नेलं, खुर्चीत बसवलं, आणि रुक्मिणी इंजिनापुढे उभी राहून म्हणाली, "सांगा. काय करायचं?" चिंतामणराव डाव्या हाताने दाखवत गेले. एक एक शब्द ओढून काढत गेले. पाणी. तेल. लाकडी कोळसा. पंखा. दगडी कोळसा. दोनदा आग विझली. रुक्मिणीच्या भुवयांपर्यंत काजळी गेली. शेवटी काट्याने जागा सोडली, वाफ धरली, आणि तिने भीतभीत तरफ ओढली तर ते धूड खरंच फुस् फुस् करत चालायला लागलं. रुक्मिणी हसली. मोठ्याने, पोरीसारखी हसली. आणि वळून बघते तर चिंतामणरावांच्या डोळ्यांत पाणी.

ते पाणी बघून तिने मनाशी ठरवून टाकलं, की हे बंद पडू द्यायचं नाही.

ठरवायला काही लागत नाही. पुढे निभवायला गुडघे लागतात, आणि रुक्मिणीचे गुडघे शाळेतच संपले होते. सोलापूरचं पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि येतं ते असं जड, की चहाच्या भांड्यालासुद्धा आतून पांढरं अस्तर धरतं. बॉयलरला ते चालत नाही. त्याला गाड्यांच्या बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी लागतं. त्याचे कॅन दुकानातून आणायचे, जिन्याने वर न्यायचे. कोळशाची पिशवी वर न्यायची. मागच्या रविवारची राख काढायची, धुराच्या नळ्यांतून तारेचा ब्रश फिरवायचा, जिथे जिथे काही हलतं तिथे तिथे तेलाचा थेंब सोडायचा. आणि हे सगळं झालं की मग खुद्द मालकांना वर आणायचं. रुक्मिणी पुढून हात धरून ओढणार, बजाबाई मागून टेकू देणार. चिंतामणरावांच्या कपाळावर घामाचे थेंब यायचे, डावा पाय पायरी चढायचा, उजवा मागून फरफटत यायचा. मधल्या वळणावर तिघंही थांबून धापा टाकायची.

"सर, बाईला लई नाद लागलाय बघा," बजाबाई मागून म्हणायची. "आमच्या करमाळ्याकडं येवढा नाद कुणाला गाईम्हशीचा बी न्हाय."

चिंतामणराव वळून रुक्मिणीकडे बघायचे आणि अर्ध्या तोंडाने हसायचे. रुक्मिणीही हसायची. नाद कसला आलाय, तिच्या मनात यायचं, पण नवऱ्यासमोर ते बोलायचं कसं?

वर खुर्चीत त्यांना बसवायचं, डोक्यावर टोपी घालायची, आणि मग फेऱ्या. पूर्वी चिंतामणराव इंजिनामागच्या छोट्या ट्रॉलीवर बसून चालवायचे. रुक्मिणीला लुगडं सावरत त्या ट्रॉलीवर बसणं या जन्मी शक्य नव्हतं. म्हणून ती इंजिनाबरोबर चालायची. एक हात तरफेवर, एक डोळा पाण्याच्या काचेवर, दुसरा वाफेच्या काट्यावर, आणि गुडघे देवाच्या हवाली. गोल, गोल, टाक्यांभोवती गोल. एवढ्या प्रदक्षिणा सिद्धेश्वराला घातल्या असत्या तर त्याने कंटाळून तरी काहीतरी दिलं असतं, असं तिला वाटायचं. दर फेरीला खुर्चीसमोरून जाताना ती चिंतामणरावांकडे बघून हसायची, आणि तेही डावा हात वर करायचे. त्या एका हातासाठी पुढची फेरी व्हायची.

हाडांच्या डॉक्टरांनी तिला साफ सांगितलं होतं, गुडघे बदला. ती होय म्हणाली आणि तारीख पुढे ढकलत राहिली. ऑपरेशन म्हणजे दोन-तीन महिने जिना बंद. मग रविवारचं काय? एवढी एकच गोष्ट त्यांना उरलीय, तीही आपल्या गुडघ्यांपायी काढून घ्यायची? निवेदिता फोनवर चिडायची, "आई, इंजिन मोठं की तुझे पाय मोठे?" रुक्मिणी म्हणायची, "बघू की दिवाळीनंतर." अशा दोन दिवाळ्या बघून झाल्या होत्या आणि तिसरी जवळ आली होती.

इंजिनाला दुसरं घर नव्हतं असंही नाही. चिंतामणरावांचा जुना विद्यार्थी शिवराज, नातेपुत्याला त्याचा ट्रॅक्टर दुरुस्तीचा मोठा कारखाना. सरांचं बघून त्यालाही हे वेड लागलं होतं. तो मधूनमधून भेटायला यायचा, इंजिनावरून असा हात फिरवायचा जसा बैलबाजारात कोणी जातिवंत खोंडावरून फिरवतो, आणि जाताना जिन्याखाली रुक्मिणीला हळूच म्हणायचा, "बाई, तुमाला झेपंना झालं तर सांगा. इंजिन मी नेतो. लई जपीन. सरांना कवा बी बघावं वाटलं तर गाडी पाठवीन."

"अरे, त्यांचा जीव आहे त्यात," रुक्मिणी म्हणायची.

शिवराज मान डोलावून निघायचा. आणि तो गेला की रुक्मिणी दार लावून तशीच उभी राहायची. ने बाबा, असं म्हणायला जीभ नुसती वळवळत असायची. एका शनिवारी, कॅन वर नेताना मधल्या वळणावर गुडघ्यात अशी कळ आली की ती पायरीवर बसली आणि तिने मनात म्हटलं, देवा, हे इंजिन आपोआप मोडू दे. मग स्वतःचीच लाज वाटून दुसऱ्या दिवशी तिने दोन फेऱ्या जास्त मारल्या.

यंदा खंडेनवमीला तिने इंजिनाची पूजा केली. दरवर्षी चिंतामणराव करायचे. लेथ, कानशी, हातोड्या, इंजिन, सगळं पुसून मांडायचे, फुलं वाहायचे, हळदकुंकवाची बोटं लावायचे. त्या कामात ते रुक्मिणीला हात लावू द्यायचे नाहीत. झटका आल्यापासून ती पूजा राहूनच गेली होती. तिला त्याची रुखरुख होती. घरातल्या यंत्राला दोन वर्षं गंध नाही, मग आपलं कसं बरं व्हायचं? त्या दिवशी चिंतामणराव खाली झोपले होते. ती एकटी ताट घेऊन वर गेली. झेंडूची माळ घातली. कुंकू ओलं केलं, त्यात अक्षता कालवल्या, आणि गंध लावायला जागा शोधली. गंध लावायचं ते डोक्याला. इंजिनाच्या पाठीवर सगळ्यांत उंच दोन पितळी टोप्या होत्या, खाली बारीक स्प्रिंगा असलेल्या. तिने एकीला चांगलं बोटभर गंध लावलं, अक्षता दाबून बसवल्या. मग दुसरीला लावावं का नाही, असा विचार केला. एकीला लावायचं आणि दुसरीला नाही, हे तिला बरोबर वाटलं नाही. तिने दुसरीलाही लावलं. नारळ फोडला, हात जोडले, म्हणाली, "माझ्या माणसाला सांभाळ. आणि जमलं तर मलाही."

पुढच्या रविवारी सकाळी तिने वाळलेली माळ काढली, पाकळ्या झाडल्या, फडक्याने इंजिन लखलखीत केलं. टोप्यांवरचं गंध मात्र ठेवलं. तीन-चार दिवसांत ते वाळून कडक झालं होतं. पण पूजेतलं गंध कोणी पुसून काढत नाही. ते आपोआप जातं तेव्हा जातं.

बजाबाईने चिंतामणरावांना वर आणायला हात लावला, खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "बाई, मी येते जराशानं. आज त्या कोपऱ्यावरल्या घरचं बी काम हाय. खाली न्यायच्या टायमाला येतेच की." आणि ती गेली.

दसऱ्यानंतरचं ऊन. सोलापुरात उन्हाळा एकदा संपला असं वाटतं आणि मग ऑक्टोबर येतो. रुक्मिणीने आग धरवली. काटा चढायला लागला. आज कोळसा छान पेटला होता. तिने तेल घातलं, पाण्याची काच बघितली, आणि जरा टेकावं म्हणून टाकीला पाठ लावली. टाकी गार होती. तिने डोळे मिटले. मिटले म्हणजे क्षणभरच, असं तिला वाटलं. शनिवारची रात्र गुडघ्यांनी जागवली होती.

काठी आपटल्याचा आवाज आला. चिंतामणराव काठी जमिनीवर आपटत होते. पुन्हा पुन्हा. तिने डोळे उघडले. ते इंजिनाकडे दाखवत होते.

काटा लाल रेघेच्या पुढे गेला होता.

असं व्हायला नको होतं. वाफ रेघेला टेकली की त्या दोन टोप्या उडून जास्तीची वाफ सोडून देतात, दर रविवारी सोडतात, इतक्या जोरात की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उठतात. आज दोन्ही गप्प होत्या. रुक्मिणीला वाटलं, काटाच बिघडला. तिने बोटाने टिचकी मारली. काटा आणखी पुढे सरकला.

"अहो, हे काय?"

चिंतामणरावांचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि शब्द येत नव्हता. नुसती हवा वाजत होती. मग त्यांनी काठी उचलून इंजिनाच्या पोटाकडे दाखवली, पोटाखाली, आणि डाव्या मुठीने काहीतरी ओढून काढल्यासारखं केलं. रुक्मिणीला कळलं. आगीच्या जाळीची खीळ. ती तिला पहिल्याच महिन्यात शिकवली होती आणि कधी लागली नव्हती. ती वाकली. गुडघे कोणाचे होते कोण जाणे, पण वाकली. चिमट्याने खीळ धरून ओढली. अडकली होती. दुसऱ्यांदा सगळं अंग घालून ओढली, आणि लाल निखारे भसकन खाली राखेच्या पत्र्यात पडले, काही फरशीवर, एक तिच्या चपलेशी.

"शिट्टी," शब्द आला. "धर. धरून ठेव."

तिने शिट्टीची तार ओढून धरली. शिट्टी वाजू लागली आणि थांबेचना. "पंप," तो पुढचा शब्द. ती एका हाताने तार धरून दुसऱ्या हाताने पाण्याचा पंप मारू लागली. गार पाणी आत जात होतं. घाम डोळ्यांत उतरत होता. तेवढ्यात तिचा पदर मागून ओढला गेला. वळून बघते तर चिंतामणराव खुर्चीतून उठून आले होते. काठी खुर्चीपाशीच पडली होती. कोणाचा हात न धरता, रुळांना धरत धरत आले होते आणि डाव्या हाताने तिचा पदर ओढत होते.

"मागे हो."

"तुम्ही मागे व्हा! पडाल!"

"तू. मागे."

दोघंही मागे झाली नाहीत. ती पंप मारत राहिली, ते पदर ओढत राहिले, आणि शिट्टी सगळ्या पेठेला ओरडून सांगत राहिली. हळूहळू काटा थरथरला, रेघेवर आला, रेघेच्या खाली आला, आणि घसरत घसरत निवला. शिट्टीचा आवाज बारीक होत गेला आणि बंद पडला. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, "काय झालं हो?" रुक्मिणी म्हणाली, "काही नाही, होतं असं."

तिने त्यांना धरून खुर्चीत बसवलं. निखाऱ्यांवर बादली ओतली. मग पदराने त्यांचा घाम पुसला, मग स्वतःचा.

"फुटलं असतं?"

चिंतामणरावांनी मान हलवली. "नाही. दुप्पट... प्रेशरला... टेस्ट केलाय."

"मग एवढे कशाला उठलात? पडला असतात तर?"

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "तू... जवळ होतीस."

रुक्मिणीला एकदम रडू आलं. ती तशीच इंजिनाकडे गेली, काहीतरी करायला पाहिजे म्हणून. टोप्या गार व्हायला लागल्या होत्या. त्यांच्यावर आणि स्प्रिंगांच्या वेढ्यांत तांदूळ अडकले होते, कुंकवात भिजून वाळलेले, घट्ट, पाचर मारल्यासारखे. नखाने एक दाणा काढायला गेली तर नख दुमडलं.

चिंतामणरावांनी मानेनेच विचारलं, काय?

"गंध," ती म्हणाली. "मी लावलं. खंडेनवमीला."

"पुसलं... नाहीस?"

"पूजेचं गंध पुसतात का कोणी?"

चिंतामणरावांनी आधी टोप्यांकडे, नंतर तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडाचा अर्धा भाग हलायला लागला, खांदे हलायला लागले, आणि तिच्या लक्षात आलं की ते हसताहेत. इंजिन बनवणाऱ्या सगळ्या जगात वाफेचा कोंडमारा अक्षतांनी कोणी केला नसेल. ते हसता हसता खोकले, तिने पाठ चोळली. पण तिला हसू येईना. दोन वर्षं ज्यांना जपलं त्यांनाच आपण आज भाजून काढलं असतं. ती त्यांच्या पायाशी फरशीवर बसली. गुडघे वाजले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी नीट काढते ते तांदूळ. शिवराजला विचारते कसं करायचं ते. पुढच्या रविवारपर्यंत सगळं पहिल्यासारखं करते. तुम्ही काळजी करू नका."

"पुरे," चिंतामणराव म्हणाले.

ती थांबली.

"पुरे आता. रविवार... नको."

तिला वाटलं, ते रागावले. "अहो, असं काय करता? एकदा चुकलं. तुमचा जीव आहे त्यात."

"नाही."

"काय नाही?"

त्यांनी डोळे मिटले. शब्द गोळा करताना ते असं करायचे. "माझा... नाही. तुझा."

"माझा? माझा कशात?"

"यात." डावा हात इंजिनाकडे गेला. "तू... हसलीस. पहिल्या दिवशी. दवाखान्यानंतर... पहिल्यांदा. मला वाटलं... हिला एवढं तरी... सुख."

रुक्मिणी बसल्या जागी त्यांच्याकडे वळली.

"मग तुम्ही? तुम्हाला रडू आलं होतं. मी बघितलं होतं की."

"तू हसलीस... म्हणून."

"आणि इंजिन?"

चिंतामणरावांनी खांदा उडवला, जो उडत होता तो. "बघवत नाही. हाताने... करता येत नाही तर... नुसतं बघवत नाही. जिना... नको होतो."

गच्चीवर भिजलेल्या राखेचा वास होता. रुक्मिणीने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत कोळसा, तळव्याला फोड. मग तिला राग आला. खरा, सणसणीत राग आला, शाळेत यायचा तसा. "दोन वर्षं!" ती ओरडली. "दोन वर्षं मी कॅन वाहतेय वर! माझे गुडघे गेले! ऑपरेशन ठेवलं मी, तुमच्या या... या चुलीपायी! आणि तुम्हाला नको होतं? एकदा बोलायला काय झालं होतं?"

"तू... बोललीस?"

हे मात्र खरं होतं. ती निवेदिताशी भांडली होती, देवाशी बोलली होती, शिवराजला दारापर्यंत पोचवून जीभ चावली होती. एकट्या याच माणसाला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं की हिला ओझं झालंय. आणि ओझं तर झालंच होतं.

"वेडे आहोत आपण," ती म्हणाली.

"लई," चिंतामणराव म्हणाले. ते आयुष्यात कधी लई म्हणायचे नाहीत. आज एवढं सोपं सापडलं ते बोलून टाकलं.

"शिवराजला सांगू? घेऊन जा म्हणून?"

"सांग. आजच."

तिने कनवटीचा मोबाइल काढला, आणि मग तो तसाच मांडीवर ठेवला. एवढ्यात नको. फोन केला की बोलावं लागणार, कारण सांगावं लागणार, शिवराज तिकडून "व्हय का बाई, खरं सांगताय का" असं दहा वेळा विचारणार. बजाबाई यायला अजून वेळ होता. तिच्याशिवाय खाली उतरणं शक्य नव्हतं. आणि रुक्मिणीच्या ध्यानात आलं की आता करण्यासारखं काहीच नाही. काट्याकडे बघायचं नाही. पाणी, कोळसा, फेऱ्या, काही नाही. पुढच्या रविवारचंही काही नाही. दोन वर्षांत असा रिकामा वेळ तिच्या अंगावर आला नव्हता, आणि तो आल्याबरोबर सगळा शिणवटा एकदम वर आला. पाठीतून, मानेतून, डोळ्यांमागून. तिने चिंतामणरावांच्या खुर्चीला पाठ टेकली. मग डोकं त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकलं, कारण तो तिथेच होता.

"दोन मिनिटं," ती म्हणाली.

जाग आली तेव्हा किती वेळ गेला हे तिला कळेना. ऊन बरंच वर आलं होतं. फरशी तापली होती, पावलं चटकत होती, लुगड्याच्या काठावर झळझळीत ऊन पडलं होतं. सगळीकडे ऊन होतं. तोंडावर तेवढं नव्हतं. तिला वाटलं, ढग आला असेल. तिने तसंच पडल्या पडल्या वर पाहिलं.

चिंतामणरावांनी आपला डावा हात तिच्या चेहऱ्यावर धरला होता. पंजा पसरून, तोंडावर ऊन येऊ नये असा. खांद्यापासून हात कापत होता. कोपराला आधार नव्हता. टोपी खाली पडलेली, डोकं उघडं, कानशिलावरून घाम वाहत होता, आणि ते समोर बघत होते, हात खाली जाऊ नये एवढंच करत होते.

रुक्मिणीने हालचाल केली नाही. "हात दुखत नाही का?" तिने विचारलं.

काल असतं तर ते नाही म्हणाले असते.

"दुखतोय," चिंतामणराव म्हणाले. "खूप. तू झोप."

आणि रुक्मिणीने, हात खाली घ्या, असं म्हटलं नाही. ती खरंच खूप दमली होती. तिने डोळे मिटले.